अळणी रांगेच्या सगुणा सिस्टर

सगुणा सिस्टरना लोणचं म्हणजे जीव की प्राण. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याशिवाय कळायचं नाही. बारामतीच्या दवाखान्यात मी कंपौंडर म्हणून रुजू झालो, तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही की शिक्षण विचारलं नाही. माझ्या ट्रंकेकडं बघून म्हणाल्या, "पुण्याचे का? मग आईनं लोणचं दिलं आसंल बरोबर."

मी म्हटलं, "दिलंय. कैरीचं."

"मग माणूस कामाचा हाय," असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

नव्या ठिकाणी वरिष्ठ बाईंची मर्जी राखावी म्हणून मी ती बरणी त्यांना देऊन टाकली. त्यांनी ती आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली. पुढं महिना गेला, दुसरा गेला, बरणी आपली तिथंच. तोंडाला आईनं बांधलेलं फडकंसुद्धा सुटलेलं नाही. मला मनातून राग आला. खायचं नव्हतं तर मागितलं कशाला? शेवटी आमच्या डॉक्टरांनीच मला सांगितलं, "अहो, सगुणाबाई मीठ खात नाहीत. अळणी रांग रिकामी झाल्याशिवाय खायच्या नाहीत."

ही अळणी रांग म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या भिंतीकडेच्या चार खाटा. मूत्रपिंडं बिघडून अंगावर सूज आलेली माणसं तिथं असत. मोरगावच्या बाजूच्या कोरडवाहू गावांतून मुतखड्याची माणसं येत, ती बोंबलत येत आणि खडा पडला की हसत जात. सूज आलेली मात्र मुकाट्यानं येत. डोळे मिटलेले, पाय सुजलेले, आणि आपल्याला झालंय काय हे कुणालाच धड माहीत नसलेलं. त्या काळी आमच्याकडं त्यावर औषध असं फारसं नव्हतं. पडून राहायचं, पाणी मोजून प्यायचं, आणि मीठ बंद. यातलं पहिलं लोकांना सुखाचं वाटे, दुसरं कसंबसं जमे, आणि तिसऱ्यावर घोडं अडे.

सिस्टर इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या. ठेंगण्या, रुंद, पांढरं लुगडं आणि पायांत कॅनव्हासचे बूट, त्यांना रोज सकाळी खडू लावायच्या. आवाज असा, की त्या वॉर्डात बोलल्या की बाहेर कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना कुणाचा ताप उतरला ते कळायचं. नर्सिंग पुण्यात शिकलेल्या, पण बोली शेळगावची. एकदा डॉक्टरांनी त्यांना त्यावरून चिडवलं तर म्हणाल्या, "मी शिकले हातानं, बोलते तोंडानं. तोंड कशाला बदलू?"

रोज सकाळी त्या अळणी रांगेतल्या माणसांची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायच्या. मूत्रपिंडं गळत असली की नळीत वर पांढरं साकळतं. डॉक्टर त्याला अल्ब्युमिन म्हणत, सिस्टर दही म्हणायच्या. त्यामुळं रांगेतले लोकही एकमेकांना विचारायचे, "तुमचं दही काय म्हणतंय आज?" आणि कुणाचं कमी झालं तर सगळी रांग खूश. मी आलो त्या आठवड्यात मला वाटलं होतं, दवाखान्यात म्हैस बांधलीय की काय!

नमुना आणायला लोक हाताला येईल ते भांडं घेत. अत्तराची कुपी, खोबरेल तेलाची बाटली, एकदा तर लग्नातला नक्षीचा तांब्या. सिस्टरांना कशाचंच काही वाटत नसे. आजारी माणूस पथ्याबद्दल थापा मारतो, घरचे त्याहून मारतात, म्हणून त्यांचा विश्वास फक्त त्या नळीवर. "माणूस खोटं बोलंल," त्या म्हणायच्या, "मूत खोटं बोलत न्हाय."

या त्यांच्या सिद्धांताला पहिला धक्का दिला तो सांगवीच्या राणू तात्यांनी.

तात्यांचा मुलगा म्हादू तालमीतला पैलवान. पंचक्रोशीतल्या जत्रांत त्याचं नाव होतं. त्याला घसा धरून ताप आला, तो गेला आणि मग हळूहळू अंग सुजायला लागलं. आता कुणाच्याही घरी सूज आली तर माणसं घाबरतात. पण पैलवानाच्या घरी? तात्यांना वाटलं, पोरगं भरतंय! गावात सांगत सुटले, "औंदा म्हादूचं अंग बघा कसं धरलंय." दूध वाढवलं, बदाम वाढवले, वर खारवलेलं मटण. म्हादूचे डोळे सकाळी उघडेनासे झाले आणि बोटातली अंगठी कापून काढावी लागली, तेव्हा कुठं बैलगाडी बारामतीच्या वाटेला लागली.

सिस्टरनी बाटली मागितली. बाईमाणसानं असलं काही मागावं, याचीच म्हादूला लाज. तो भिंतीकडं तोंड करून बसला. तात्या बाटली घेऊन मागं गेले आणि भरून घेऊन आले. सिस्टरनी नळी तापवली. वर ढग आला. सगळे पुढं सरकले. मग खात्री करण्यासाठी टाकतात तो आंबट औषधाचा थेंब त्यांनी टाकला, तर ढग विरून नळी लख्ख झाली. दही असतं तर ते हललं नसतं. म्हणजे लघवी निरोगी माणसाची.

सिस्टरनी नळीकडं बघितलं, म्हादूकडं बघितलं. "नळी म्हणती गडी ठणठणीत हाय," त्या म्हणाल्या, "आन् मला तर समोर भोपळा दिसतोय. तात्या, ही कुणाची?"

"माझी की," तात्या शांतपणे म्हणाले. "पोरगं लाजत हुतं. म्हटलं, बाप-लेकाचं रगत एक, मग मूत काय येगळं आसतंय व्हय?"

डॉक्टरांना हसू आवरेना म्हणून ते पाठ फिरवून उभे राहिले. सिस्टर मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "तात्या, तुमी शंभर वर्सं जगताय. आता लेकाची आणा." म्हादूची आणली, तापवली, तर अर्ध्या नळीपर्यंत घट्ट दही. थेंब टाकला तरी ढिम्म. हसणं तिथंच थांबलं. डॉक्टरांनी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मूत्रपिंडं जबर दुखावलीत. तरुण आहे, पथ्य पाळलं तर सुधारेल; नाही पाळलं तर कुस्ती सोडा, पोरगा हाताशी राहायचा नाही.

दुपारी अळणी भाकरी आणि अळणी भाजी आली. म्हादूनं एक घास तोंडात घातला आणि ताट सरकवलं. "ह्यापरीस माती खाईन," म्हणाला. तात्या गहिवरून कमरेच्या पुरचुंडीकडं हात नेऊ लागले. तिच्यात मीठ होतं, हे सिस्टरनी न बघताच ओळखलं. त्यांनी ती काढून घेतली, आपलं ताट आणवलं आणि म्हादूच्या खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. ताटात तीच भाकरी, तीच भाजी.

"बघ पैलवान," त्या म्हणाल्या, "आमच्या शेळगावात कुणी अळणी धरलं तर त्येला एकटं बसवत न्हाईत. घरातलं एक माणूस तरी संगं धरतं. तुझ्या नळीत दही हाय तवर माझ्या ताटात मीठ न्हाय. जेव."

आणि लोणच्यावर जीव टाकणारी ती बाई ती बेचव भाजी मिटक्या मारत खायला लागली. मिटक्या खोट्या होत्या, हे मलासुद्धा कळत होतं. म्हादू थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं ताट परत ओढलं.

हे सिस्टर प्रत्येकाच्या बाबतीत करत. रांगेतल्या कुणाची नळी स्वच्छ झाली, की निघायच्या दिवशी त्याचं मिठाचं जेवण व्हायचं: भाकरी आणि मिरचीचा खर्डा. पण तेवढ्यात दुसऱ्या खाटेवर नवं माणूस आलेलं असे, आणि सिस्टर त्या खर्ड्याकडं नुसतं बघायच्या. माझ्या आईच्या बरणीचं कोडं मला असं सुटलं.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात फ्ल्यूची साथ आली. आधी मुंबई-पुण्याच्या बातम्या, मग दौंडच्या गाडीनं येणारी खोकणारी माणसं, आणि मग बघता बघता घरटी एक अंथरूण. म्हातारे म्हणायला लागले, अठरा सालची मानमोडीची साथ परत आली. तशी ती नव्हती. बहुतेक माणसं चार दिवस कण्हून उठत होती. पण येत होती ती थव्यानं, आणि आमच्या खाटा मूठभर. व्हरांडा भरला, मग चिंचेखाली घोंगड्या अंथरल्या. सुईण आडवी झाली, वॉर्डबॉय आडवा झाला, मीही झालो. काही दिवस तर डॉक्टर स्वतःच औषध घोटत होते.

खाटा कमी पडल्या तशी कुणी तरी सुचवलं, अळणी रांगेतल्यांना घरी पाठवा. सिस्टर उसळल्या. "घरी? आवो, घरी पाठवणं म्हंजी मिठागरात सोडणं. लाडानं मारतील त्यास्नी!"

डॉक्टरांच्या डोक्यात दुसरीच भीती होती. ते म्हणाले, "घरी नको आणि इथंही नको. म्हादूसारख्याला हा ताप आला तर आधीच थकलेली मूत्रपिंडं तग धरायची नाहीत." सुटीमुळं शेजारची शाळा रिकामी होती. त्यांनी तिचा एक वर्ग मागून घेतला. रांगेत तेव्हा एक म्हातारी, एक शाळामास्तर आणि म्हादू असे तिघं होते. त्यांची रवानगी शाळेत झाली. स्वयंपाकाला तात्या. आणि आपण तापाच्या माणसांत वावरतो, म्हणून सिस्टरनी स्वतःलाच वर्गात यायची बंदी घातली. सकाळी तात्या बाटल्या खिडकीत ठेवत. सिस्टर अंगणातल्या लिंबाखाली दिवा पेटवून नळ्या तापवत आणि तिथूनच निकाल ओरडत. दुपारचं जेवणही तसंच. वर्गात तिघं, लिंबाखाली एकट्या सिस्टर, सगळ्यांच्या ताटात अळणी. "मास्तर, घास चावून खावा! म्हादू, फळ्याकडं काय बघतोस, ताटाकडं बघ!" रस्त्यानं जाणारे थांबून ही शाळा बघत असत.

होता होता म्हातारीची नळी स्वच्छ झाली, मग मास्तरांची. ते आपापल्या गावी गेले. म्हादूचं दही कमी झालं होतं, पण गेलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच वेळी सिस्टरनी अंथरूण धरलं.

इतकी माणसं त्यांच्या हाताखालून उठून गेली, पण त्यांचा स्वतःचा ताप काही हटेना. घामानं अंथरूण भिजायचं, ओकाऱ्या व्हायच्या, उठून बसलं की डोळ्यांपुढं अंधारी. डॉक्टर म्हणाले, "सगुणाबाई, अंगातलं मीठ-पाणी सगळं गेलंय. मीठ घातलेली पेज हेच आता तुमचं औषध."

"नुसती पेज द्या," सिस्टर म्हणाल्या. "पोराला शब्द दिलाय."

डॉक्टर समजावून थकले, रागावून थकले. बाहेर येऊन मला म्हणाले, "ही बाई तापानं नाही, हट्टानं जाईल." मला तर त्या बाईची पूजा करावी की तिच्या दोन थोबाडीत द्याव्यात, हेच कळेना. माझी धिटाई दुसऱ्या गोष्टीइतकी नव्हती, म्हणून मी नुसताच दारात उभा राहिलो. पेज घेऊन आलेल्या तात्यांनी मात्र हे सगळं ऐकलं आणि ते तडक शाळेकडं वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या बाटली घेऊन सिस्टरांच्या खोलीत हजर. मागं, खिडकीतून दिसणाऱ्या शाळेच्या अंगणात, लिंबाखाली, तोंडाला उपरणं गुंडाळून म्हादू उभा. डॉक्टरांनी त्याला तिथून पुढं यायला मनाई केली होती. "बाई," तात्या म्हणाले, "आज पोराची नळी तुमच्या म्होरंच तापवा."

सिस्टरांच्या हातात बळ नव्हतं, म्हणून मी दिवा पेटवला. नळी तापली. ढग आला. मी थेंब टाकला. ढग विरला आणि नळी लख्ख झाली. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच. बाहेरून म्हादूही ओरडला, "गेलं बाई दही! आता मीठ खावा तुमी! शब्द सुटला!"

सिस्टरनी नळी मागून घेतली. उजेडाकडं धरली. मग त्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्या आढ्याची कौलं तपासत होते.

"तात्या," सिस्टर हळूच म्हणाल्या, "ढग येतो आन् थेंबानं जातो. हिची आन् माझी जुनी वळख हाय."

तात्या मटकन खाली बसले. "बाई, म्हादू काल धरनं जेवला न्हाय. म्हणतोय, माझ्यापायी बाई मरणार. मला म्हणला, तात्या, त्या दिशी भरली हुती तशी आज पुन्यांदा भरा. मी काय करू? तुमी बी मला लेकीसारक्या हाय."

सिस्टरांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांना तसं बघायची आम्हाला कुणालाच सवय नव्हती. मग म्हणाल्या, "कंपौंडर, पेज आणा. टाका मीठ."

मी मीठ टाकलं. त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली ती रिकामीच. मग उशीवर कोपर टेकून, होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून, त्या खिडकीतून ओरडल्या, "म्हादू! मी मीठ खाल्लं रं! पर नळी तुझी नव्हती. तुझं दही अजून हाय. आता मी सुटले, तू एकटा ऱ्हायलास. एकट्यानं धरशील का अळणी?"

ताट सरकवणारा तो पैलवान मला आठवला.

"धरीन, बाई," म्हादू म्हणाला. लिंबाखालून इथवर स्पष्ट ऐकू आलं.

"मग जा आन् जेव आदी," सिस्टर म्हणाल्या आणि उशीवर पडल्या. जरा वेळानं डोळे मिटूनच त्यांनी खिडकीकडं बोट केलं. मी बरणीचं फडकं सोडलं. त्यांनी कैरीची एक फोड जिभेवर ठेवली, आणि चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की काय सांगू. "तुमच्या आईला कळवा," त्या म्हणाल्या, "मीठ अगदी बराबर पडलंय." मला हसू आणि रडू एकदमच आलं.

सिस्टर उठल्या, साथ ओसरली, आणि त्यांची बदली झाली ती इंदापूरला. माहेरच्या तालुक्यात जायचं म्हणून त्या खुशीत होत्या. म्हादू आपल्या खाटेवर परत आला. तात्या सांगायचे, शेजारच्या खाटेवर झणझणीत डबा उघडला तरी गडी मान वळवत नाही. पावसाळा सरला. एका सकाळी मी त्याची नळी तापवली, तर ना दही ना ढग. लागोपाठ बरेच दिवस तसंच राहिलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला मिठाची परवानगी दिली. म्हादू म्हणाला, "बाईंच्या संगं खाईन." मला कामासाठी इंदापूरला जायचंच होतं. आम्ही दोघं एस.टी.नं निघालो. म्हादूच्या मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं, खर्ड्याची बरणी आणि एक बाटली. ती बाटली कसली, हे शेजारच्या उतारूनं विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

सिस्टर दवाखान्याच्या ओसरीवरच भेटल्या. म्हादूचं अंग उतरलं होतं, गालफडं दिसत होती. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि हात पुढं केला. म्हादूनं बाटली दिली. नळी तापली. काही नाही. थेंब टाकला. काही नाही.

"ही तुझीच," सिस्टर म्हणाल्या. "तात्यांची असती तर ढग आला असता. खा लेका आता, पोटभर खा."

म्हादूनं गाठोडं सोडलं. भाकरीवर खर्डा ठेवला आणि ती दोन्ही हातांनी पुढं धरली. "आदी तुमी, बाई."

खर्ड्याचा वास ओसरीभर दरवळला. सिस्टरनी एक मोठा श्वास घेतला आणि मान हलवली. "मला न्हाय जमायचं रं," म्हणाल्या. आत भिंतीकडेच्या खाटेवर एक लहान मुलगी बसली होती. चेहरा सुजलेला, डोळ्यांच्या फटी झालेल्या, पुढ्यात न शिवलेलं ताट. "नवी रांग धरलीय. ही चिंगी. दोन दिवस झालं, घास घेत न्हाय."

म्हादूनं आत बघितलं. भाकरीवरचा खर्डा त्यानं परत बरणीत सारला, हात धुतले आणि आत जाऊन त्या खाटेशेजारी जमिनीवर मांडी घातली. "बाई, मलाबी त्यातलंच वाढा," तो म्हणाला.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. निघताना सिस्टरनी बरणी माझ्या हातात कोंबली. "ही घेऊन जावा बाबा. म्होरं ऱ्हायली तर माझा काय भरवसा न्हाय!" फाटकातून वळून बघितलं तर खाटेशेजारी दोघंही बसलेले. म्हादूनं अळणी भाजीचा घास घेतला आणि एवढं वेडंवाकडं तोंड केलं, की चिंगीला हसू फुटलं. ती हसली तेवढ्यात सिस्टरनी तिच्या तोंडात घास सारला.

सिस्टरना मी पाहिलं ते शेवटचं. घरी आलो. एव्हाना माझं लग्न झालं होतं; बायकोनं ती बरणी बघितली आणि खूश होऊन ताट वाढायला घेतलं. मी म्हटलं, "खर्डा उद्या. आज माझ्या भाजीत मीठसुद्धा घालू नकोस."

"का? बरं नाही का?"

"मला काय झालंय?" मी म्हटलं. "तिकडं तिघं जेवतायत. चौथा मी."